पुढचा डाव कुणाचा?

श्रोतेहो, माझी सारी नोकरी एस. टी.च्या स्थानकांवर गेली. वाहतूक नियंत्रक म्हणून तीस-पस्तीस वर्षे मी माणसांना रांगेत उभे केले. गणपतीला कोकणात निघालेल्यांची रांग, आषाढीला पंढरपूरची रांग, मे महिन्यातली लग्नसराईची रांग. त्यामुळे रांग या विषयात मला कुणी काही शिकवावे असे आता उरलेले नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत गेल्या वर्षी एका खेळाच्या मैदानावर उतरली. आणि उतरवली कुणी, तर आमच्या घरातल्याच माणसाने. आज त्याचीच हकीगत आपल्याला सांगणार आहे. आधी थोडे त्या खेळाविषयी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे समजायला सोपे जाईल.

खेळाचे नाव पिकलबॉल. नाव ऐकून लोणचे आठवते, पण लोणच्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. १९६५ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरासमोर बेनब्रिज नावाचे बेट आहे. तिथे जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोघे मित्र सुट्टीला कुटुंबांसह उतरले होते. मुले कंटाळली होती. घराजवळ बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण धड रॅकेटी मिळेनात. तेव्हा घरात होत्या त्या टेबल-टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी खेळ सुरू करून दिला. चेंडू टप्पा चांगला घेतो असे दिसल्यावर जाळी खाली आणली. पुढे बार्नी मॅक्कॅलम हे तिसरे मित्र येऊन मिळाले आणि तिघांनी मिळून नियम बसवले.

ते जुने कोर्ट बॅडमिंटनचे असल्यामुळे पिकलबॉलचे कोर्ट आजही त्याच मापाचे असते, वीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब. आणि बॅडमिंटनच्या नियमांची सुरुवातीची जुळवाजुळव झाली ती १८७० नंतरच्या दशकात, आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत. त्या खेळाला तेव्हा ‘पूना’ असेच म्हणत. म्हणजे नाते थोडे लांबचे खरे, पण घरातलेच. आपल्याकडे २००८ साली या खेळाची अखिल भारतीय संघटना निघाली. मुंबई-पुण्यात त्याचा खरा बोलबाला झाला तो मात्र गेल्या काही वर्षांत.

खेळ शिकायला सोपा. धावाधाव बेताची. आजोबा आणि नात एकाच बाजूने खेळू शकतात. जाळीजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात आणि तिथे पाय असताना चेंडू हवेतल्या हवेत मारायला बंदी आहे. किचनमध्ये शिरायला मज्जाव करणारा खेळ म्हणून आमच्या सौ.ना तो पहिल्या दिवसापासून आवडला!

पण सोप्या खेळाचे एक दुखणे असते. सगळेच येतात. अमेरिकेतल्या क्रीडाव्यवसायाच्या संघटनेने तिथल्या पिकलबॉल खेळणाऱ्यांचा २०२३ सालचा आकडा १ कोटी ३६ लाख असा दिला होता. एवढ्या माणसांना कोर्टे कुठून आणायची? टेनिसच्या एका कोर्टासाठी जेवढी जागा सोडतात तेवढ्यात पिकलबॉलची चार कोर्टे बसतात. तरीसुद्धा तिथल्या बागांतून लोक पॅडल हातात धरून ताटकळत असतात. आपल्याकडेही संध्याकाळी सात वाजता यापेक्षा वेगळे दृश्य नाही.

आता आमच्या मैदानावर येतो. पुण्याच्या एका उपनगरात पत्र्याच्या उंच छपराखाली चार कोर्टे आहेत. कडेला बाके आहेत, चहाचा गाडा आहे. दिवसा तासावर कोर्ट भाड्याने मिळते. संध्याकाळी मात्र ‘या आणि खेळा’ असा प्रकार असतो. ठरलेली फी भरायची, जोडीदार बरोबर असलाच पाहिजे असे नाही. जे चार जण जमतील त्यांनी डाव मांडायचा. अकरा गुणांचा डाव, दोन गुणांची आघाडी हवी. जिंकलेली जोडी कोर्टावर थांबणार, हरलेली उतरणार, आणि बाहेरचे दोघे आत जाणार. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हते. पूर्वीपासून चालत आलेली, म्हणून चालू होती.

मी तिथे नियमाने जाऊ लागलो. हात बरा बसला. जिंकू लागलो. सौ.ना डॉक्टरांनी गुडघ्यासाठी हालचाल सांगितली होती, म्हणून त्याही शनिवारी माझ्याबरोबर येऊ लागल्या. असे चार शनिवार झाले. पाचव्या शनिवारी मी बूट चढवले, तर त्या भाजी निवडत बसलेल्या.

मी म्हटले, “काय, निघायचं नाही?”

“तुम्ही जा. मला नाही यायचं.”

“का? गुडघा दुखतोय?”

“गुडघा नाही दुखत. उभं राहून राहून पाय दुखतात.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, “अहो, तुम्ही एस. टी.त होता ना? मागच्या शनिवारी तुम्ही लागोपाठ चार डाव खेळलात. जिंकत होता, म्हणून उतरला नाहीत. मी दीड तासात एक डाव खेळले, तोसुद्धा सात मिनिटांत संपला. माझ्याशेजारी एक मुलगी बसली होती. गावाकडून नवीनच नोकरीला आलेली, इथे ओळखीचं कुणी नाही. चार माणसं भेटतील म्हणून आले, असं म्हणत होती. पाऊण तास बसली आणि निघून गेली. कुणी तिला विचारलंसुद्धा नाही. तुमच्या स्थानकावर असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

श्रोतेहो, याला उत्तर नव्हते. मी मैदानावर गेलो, पण त्या दिवशी पॅडल हातात घेतली नाही. बाकावर बसलो, खिशातली वही काढली आणि जुन्या सवयीने नोंदी करू लागलो. आत किती, बाहेर किती, कोण कधी आत गेले, कोण कधी उतरले. ती वहीच आता आपल्यापुढे उघडतो. हिशेब अगदी चौथीच्या मुलाला येईल असा आहे.

कोर्टे चार. प्रत्येकावर चौघे, म्हणजे खेळणारे सोळा. मैदानावर माणसे चाळीस. म्हणजे बाहेर बसलेले चोवीस. एक डाव, माणसे बदलण्याच्या वेळेसकट, पंधरा मिनिटांचा धरा. तासाला एका कोर्टावर चार डाव, चार कोर्टांवर सोळा डाव. आता डाव संपला की चौघेही उतरले, तर दर डावाला चार जागा मोकळ्या होतात. तासाला चौसष्ट. बाहेरच्या चोवीस जणांतला शेवटचा माणूस साधारण साडेबावीस मिनिटांत आत जातो.

आता आमची रीत लावून पाहा. जिंकलेले दोघे थांबतात, म्हणजे दर डावाला दोनच जागा सुटतात. तासाला बत्तीस. त्याच शेवटच्या माणसाला आता पंचेचाळीस मिनिटे बसावे लागते. कोर्टे तीच, माणसे तीच, एकाही गुणाचा फरक नाही, आणि थांबणे मात्र दुप्पट! त्यात गप्पाटप्पा, चेंडू आणायला रमतगमत जाणे, गुणांवरून वाद, असे करीत डाव वीस मिनिटांवर गेला, की तासाला बाराच डाव होतात आणि चोवीसच जागा सुटतात. मग शेवटच्या माणसाला बरोबर एक तास थांबावे लागते. साडेबावीस मिनिटे कुठे आणि एक तास कुठे! आणि याला कारण कोर्टांचा तुटवडा नव्हे, आमची रीत. त्या मुलीची पाऊण मिनिटांची नव्हे, पाऊण तासाची जी संध्याकाळ गेली, तिचा हिशेब या वहीत नेमका बसला.

हा हिशेब काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर क्रारूप एरलांग या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या तारांविषयी असाच विचार मांडला. तारा किती, बोलणारे किती, आणि एकेक बोलणे किती वेळ चालते. त्यातूनच पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले. तारा जवळजवळ सगळ्या गुंतलेल्या असल्या, की थोडीशी गर्दी वाढली तरी खोळंबा भराभर वाढतो, हे त्या शास्त्राचे मुख्य सांगणे. स्थानकावर आम्ही हेच रोज पाहत होतो. गाडी नुसती भरून गेली तर कुणाची तक्रार नसते. पण फलाटावर आणखी दहा माणसे उरली, की आरडाओरडा सुरू होतो.

मग यावर उपाय काय? आम्ही काय काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, रांग डोळ्यांना दिसली पाहिजे. ‘माझा नंबर यांच्यामागे’ असे तोंडी सांगणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. आम्ही भिंतीला एक लाकडी फळी ठोकली आणि तिच्यावर पॅडल ठेवायला खाचा केल्या. आल्याबरोबर आपली पॅडल पुढच्या मोकळ्या खाचेत ठेवायची. डावीकडच्या पहिल्या चार पॅडल म्हणजे पुढचा डाव. अमेरिकेतल्या बागांतूनही पुष्कळ ठिकाणी अशीच पद्धत असते. यात लाजाळू माणसाला तोंड उघडावे लागत नाही. त्याची पॅडल त्याच्या वतीने बोलते. मित्राची पॅडल आणून ठेवायची नाही. माणूस हजर, तरच पॅडल हजर.

दुसरी, चारही कोर्टांना मिळून रांग एकच. प्रत्येक कोर्टापुढे वेगळी रांग लावली, की एका रांगेतला डाव लांबतो आणि तिथल्या माणसांचे नशीब फुटते. शेजारची रांग मात्र भराभर पुढे सरकते. एकच रांग असली, की जे कोर्ट आधी सुटेल ते पहिल्याचे. नशिबाचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची. गर्दी असताना डाव संपला की चौघांनी उतरायचे. जिंकलेल्यांनीसुद्धा. यावर आमच्याकडे बरीच खडाजंगी झाली. एक तरुण गृहस्थ म्हणाले, “काका, आम्ही चांगलं खेळतो ही आमची चूक का?” त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. मैदान ओस असते तेव्हा जिंकलेल्यांनी थांबण्यात काहीच वावगे नाही, उलट खेळाला रंग चढतो. म्हणून आम्ही मध्यम मार्ग काढला. फळीवर चारापर्यंत पॅडल असतील तर जिंकलेल्यांनी थांबावे, पण सलग दोन डावांपेक्षा अधिक नाही. चारांच्या वर पॅडल गेल्या, की चार उतरले, चार चढले. रात्री नऊनंतर गर्दी ओसरते, तेव्हा कसलेल्या खेळाडूंनी खुशाल हवे तेवढे झुंजावे.

चौथी, डावाला वेळेची मर्यादा. या खेळात जुन्या पद्धतीप्रमाणे सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळतो. त्यामुळे दोन तुल्यबळ जोड्या समोरासमोर आल्या, तर गुण न वाढता सर्व्हिस नुसती इकडून तिकडे फिरत राहते. गर्दीच्या वेळी अकराऐवजी नऊ गुणांचा डाव करावा, किंवा पंधरा मिनिटांनी घंटा द्यावी आणि जो पुढे असेल तो जिंकला म्हणावे. आमच्याकडे चहाच्या गाड्यावरचे मामा घंटा देतात आणि ते काम त्यांना फार आवडते.

पाचवी गोष्ट, नवशिक्यांची. चांगले खेळणारे फळीकडे पाहून, नवा माणूस आपल्या चौकडीत येतो असे दिसले, की हळूच चहाला जातात. माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. खोटे कशाला बोलू, मीही एक-दोनदा गेलो आहे. आमचा नियम असा झाला, की पहिल्या चारांतली पॅडल काढली तर ती शेवटच्या खाचेत जाईल. आणि संध्याकाळी सहा ते सात एक कोर्ट शिकाऊंसाठी राखून ठेवले. तिथे त्यांच्याच पायरीची माणसे भेटतात आणि अकरा-दोन असे पाणउतारे होत नाहीत.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे फळीबिळी नाही, सगळे मोबाइलवर आरक्षण होते. ठीक आहे. मग आपल्या हातात काय आहे? एक तर चौघांनी मिळून कोर्ट घेण्याऐवजी सहा जणांनी दीड तासासाठी घ्यावे. पंधरा मिनिटांचे सहा डाव होतात. एकूण जागा चोवीस. सहा जणांत वाटल्या तर प्रत्येकाला बरोबर चार डाव. दोघे बाहेर असतात त्यांनी गुण मोजावे, पाणी प्यावे, श्वास घ्यावा. थांबणे होते, पण ते पंधरा मिनिटांचे आणि आपल्याच माणसांत. शिवाय खर्च सहा ठिकाणी वाटला जातो. दुसरे म्हणजे, आरक्षण करून न येणे हा गुन्हा समजावा. आपण घरी आडवे झालेले असतो आणि तिकडे कोर्ट रिकामे असते, तरी बाहेरच्यांना आत जाता येत नाही. एस. टी.त असे आसन सुटायच्या वेळी दुसऱ्याला देत होतो. इथेही दहा मिनिटे वाट पाहून कोर्ट बाहेरच्यांना द्यावे. आणि मैदान चालवणाऱ्यांना एक विनंती. चारही कोर्टांचे तास सातच्या ठोक्यालाच बदलू नका. दोन सातला बदला, दोन साडेसातला. म्हणजे दाराशी एकदम झुंबड होत नाही.

राहिली गोष्ट वेळेची. आमच्या वहीतले आकडे पुन्हा घ्या. सात वाजता चाळीस माणसे आणि पाच वाजता बारा. पाच वाजता तर कोर्टे पुरती भरतही नाहीत. आता सातच्या चाळीसांपैकी दहाच जण पाचला आले असे समजा. पाचला बावीस होतील, म्हणजे बाहेर सहा. शेवटच्याला पाच-सहा मिनिटे थांबावे लागेल. सातला तीस राहतील, बाहेर चौदा. थांबणे साडेबावीस मिनिटांवरून तेरावर येईल. दहा जणांनी आपली वेळ बदलली आणि चाळीसांचे कल्याण झाले. नोकरदारांना हे जमणार नाही, हे मला कळते. पण आमच्यासारखे निवृत्त लोक? आम्हाला सात वाजताच का जायचे असते? तेव्हा रंग असतो, ओळखीपाळखी असतात, हे खरे. तरी आठवड्यातून तीन दिवस पाचची वेळ धरायला आमचे काय जाते? पावसाळ्यात हे अधिक लक्षात ठेवावे. जूनपासून उघडी कोर्टे भिजून निसरडी होतात आणि सगळा लोंढा छपराखालच्या कोर्टांकडे वळतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. या सगळ्या युक्त्यांनी कोर्टे वाढत नाहीत. चाळीस माणसे आणि सोळा जागा असतील, तर सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला तासातली चोवीसच मिनिटे येणार. कुणी पन्नास मिनिटे खेळला, तर ती जास्तीची मिनिटे बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी खिशातून गेलेली असतात. मी चार डाव खेळत होतो तेव्हा ती कुणाच्या खिशातून जात होती, हे मला घरी भाजी निवडताना कळले. स्थानकावर तक्रार करणारा माणूस समोर येतो, खिडकीवर हात आपटतो. खेळाच्या मैदानावर माणूस तक्रार करीत नाही. तो उठतो, पॅडल पिशवीत घालतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी रांग थोडी कमी झालेली दिसते आणि आपल्याला वाटते, बरे झाले, आज गर्दी नाही!

आता आमची व्यवस्था बरी चालली आहे. भांडणे पूर्ण संपली असे म्हणणार नाही. रांग आहे तिथे भांडण असायचेच. सौ. मंगळवारी आणि शुक्रवारी पाचला येतात, तीन-तीन डाव खेळतात आणि माझ्या चुका मोठ्याने सांगतात. ती मुलगी मात्र पुन्हा दिसली नाही. नाव विचारून ठेवले असते तर निरोप तरी धाडता आला असता. दुसऱ्या एखाद्या मैदानावर तिला चार माणसे भेटली असतील, असे मी आपले धरून चालतो. तेव्हापासून बाकावर नवा चेहरा दिसला, की आधी जाऊन नाव विचारतो आणि फळीवरची खाच दाखवतो.

असो. काचेपलीकडून खूण झाली आहे. माझी पंधरा मिनिटे भरली आणि बाहेर बाकावर पुढचे वक्ते कागद हातात घेऊन बसलेले मी आत येतानाच पाहिले आहेत. तेव्हा उतरतो. नमस्कार.